संजीवनीपासून बुधल्यापर्यंत

शुक्रवार, २२ डिसेंबर २०१७

स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या एसटीनं मार्गासनीला उतरवलं. तिथून जीप केली आणि साखरवरून गुंजवण्यात पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. आम्ही चौघं. काका एकसष्ट वर्षांचे, आमच्या सगळ्यांचे डोंगरातले गुरू. मास्तर शाळेत भूगोल शिकवतो. डॉक्टर माझी बालमैत्रीण. चौथी मी. राजगड, तोरणा, मग घाटमाथ्यावरून कोकणात उतरून रायगड, असं चार दिवस चालायचं ठरलं होतं. सह्याद्रीत भटकणारे ‘राजगड-तोरणा-रायगड’ असं एका दमात म्हणतात, जणू ते एकच नाव आहे. काकांनी ही वाट पहिल्यांदा १९७९ साली केली होती. डॉक्टरची आणि माझी ही पहिलीच वेळ.

पाठीवर बारा-बारा किलोच्या सॅक होत्या, त्यामुळे चोर दरवाजाच्या चढाला तीन तास लागले. वरचा टप्पा चांगलाच अंगावर येतो, पण रेलिंग आहे. एवढ्याशा दरवाजातून वाकून आत शिरलं की एकदम पद्मावती तळं समोर येतं. नाताळच्या सुट्टीमुळे गड माणसांनी भरून गेला होता. पद्मावतीच्या देवळात कशीबशी चौघांपुरती जागा मिळाली. गावातल्या एका ताईंकडून पिठलं-भाकरी घेतली. अंधार पडायच्या आत काका आम्हाला माचीच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सपाटीच्या, कडेला घेऊन गेले. पश्चिमेला चतुर्थीची कोर होती आणि तिच्याखाली तोरण्याचा काळा, लांबलचक आकार.

“उद्या दिवसभर हाच समोर दिसणार,” काका म्हणाले. “आणि राजगड पाठीशी. दर टेकाडावर थांबून मागं वळायचं आणि बघायचं. परत फिरायची वेळ आली तर वाट उलटीकडून ओळखता आली पाहिजे.”

शनिवार, २३ डिसेंबर

साडेचारला उठलो. थंडी इतकी की स्टोव्ह पेटवताना बोटं वळत नव्हती. चहा, दशम्या आणि डॉक्टरच्या आईनं दिलेली लसणीची चटणी. निघण्याआधी काकांनी पाण्याच्या बाटल्या मोजायला लावल्या. माणशी चार लिटर. मला जास्त वाटलं. दुपारी कळलं, ते जेमतेम होतं.

सहाला संजीवनी माचीवर पाऊल ठेवलं. राजगडाला तीन माच्या आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मध्ये सगळ्यांच्या डोक्यावर बालेकिल्ला. गुंजवणी आणि वेळवंडीच्या खोऱ्यांमधला हा मूळचा मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजी महाराजांनी तो बांधून काढला आणि पंचवीसएक वर्षं राज्याचा कारभार इथून चालवला. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून महाराज आले ते इथेच. राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, तोही याच गडावरचा. मी राजगडावर सात-आठ वेळा आले असेन, पण दर वेळी बालेकिल्ला बघून, तळ्याकाठी बसून उतरून गेले होते. संजीवनी शेवटपर्यंत कधीच चालले नव्हते.

ती अडीचएक किलोमीटर लांब आहे. तीन टप्प्यांत खाली उतरत जाते आणि दोन्ही बाजूंनी तट तिच्या वळणांबरोबर वळत जातो. काही ठिकाणी तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत, आतली भिंत आणि मधे माणूस चालू शकेल एवढी खोल नाळ. बाहेरची भिंत पडली तरी शत्रू आत येत नाही, त्या नाळेत सापडतो. मास्तर एका ठिकाणी त्या नाळेत उतरला आणि खालून त्यानं हाक मारली. आवाज दोन भिंतींमध्ये अडकून भलतीकडूनच आला. आम्ही तिघंही उतरलो. दगड गार होते, त्यांच्यावर दव होतं. या नाळेत साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी रात्रीचा पहारा करत उभा असेल, त्याचीही बोटं अशीच वळत नसतील, असं मनात आलं आणि मी मुकाट्यानं वर चढले.

सूर्य बालेकिल्ल्यामागून वर आला. आमच्या सावल्या लांब होऊन पुढे पडल्या, थेट तोरण्याकडे.

अळू दरवाजातून बाहेर पडलं की राजगड संपतो आणि वाट सुरू होते. तोरण्याकडून येणारा माणूस याच दरवाजातून गडावर यायचा. दरवाजा सोडल्यावर कड्याखालून आडवं जायचं, मग एकदम उतार. वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, त्याखाली सुटी माती आणि बारीक खडे. घसारा. काकांनी काठी आडवी धरली आणि तिच्यावर भार देत, पाय तिरके टाकत उतरले. आम्ही त्यांची नक्कल केली. “गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. कारवी धरा.” कारवीच्या झुडपांच्या काठ्या वाळून करकरत होत्या, पण धरल्यावर हलल्या नाहीत.

पहिल्या टेकाडावर थांबलो. वळलो. ज्या माचीवरून तासाभरापूर्वी चाललो ती आता डोक्यावर उभी होती, एखाद्या गलबताच्या नाकासारखी पुढे आलेली. तटाची दुहेरी रेघ इथून नीट दिसत होती. वर चालताना जी भिंत होती, ती खालून शस्त्र दिसते.

मग धार. राजगड आणि तोरण्यामध्ये हवेतून मोजलं तर सात-आठ किलोमीटरच असतील, पण धार वर-खाली होत, वाकडी होत जाते. डाव्या हाताला खाली भाटघरचं पाणी चमकत होतं, उजव्या हाताला गुंजवणीचं खोरं, त्यात शेतांचे चौकोन आणि सकाळचा धूर. मास्तरमधला शिक्षक जागा झाला. त्यानं बाटलीतलं थोडंसं पाणी धारेच्या माथ्यावर ओतायला हात पुढे केला होता, पण काकांनी डोळे वटारल्यावर नुसतं बोटानं दाखवलं: “पावसाचा थेंब या अंगाला पडला तर वेळवंडीत जातो, त्या अंगाला पडला तर गुंजवणीत. आणि शेवटी दोन्ही नीरेतच.” मी कितीतरी वर्षं नीरेच्या पुलावरून गाडीनं गेले आहे. त्या पाण्याचं माहेर असं पायाखाली असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

साडेनऊच्या सुमारास डॉक्टरच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. टाचेकडून सुटला तो बोटांपर्यंत आला आणि बूट मगरीच्या जबड्यासारखा उघडला. ती खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही. हा प्रवास तिनं दीड वर्षापासून ठरवला होता, दवाखान्याच्या सुट्ट्या जुळवल्या होत्या. मास्तरनं आपल्या सॅकमधली सुतळी काढली, तिनं स्वतःच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी काढली आणि दोघांनी मिळून तो बूट बांधला. आधी पट्टी, मग सुतळीचे तीन वेढे, गाठ वरच्या बाजूला, म्हणजे दगडावर घासणार नाही. “हाड मोडलं तर असंच बांधते मी,” ती म्हणाली आणि उभी राहिली. पुढे दर तासाला थांबून आम्ही गाठी बघत होतो. कुणी कुरकुरलं नाही. अशा वाटेवर सगळ्यांचा वेग एकच असावा लागतो, जो सर्वांत मागे असेल त्याचा. आज तो डॉक्टरच्या उजव्या पायाचा होता.

खिंडीत उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. इथे डांबरी रस्ता आडवा जातो, वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे. दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल समोरून गेली. चार तास गवत आणि दगड बघितल्यावर तो काळा पट्टा ओलांडताना आम्ही नकळत दोन्हीकडे बघितलं, शहरात बघतो तसं.

रस्त्याच्या पलीकडे थोडं चढल्यावर धनगराचं घर लागलं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला म्हशींचा गोठा. अंगणात एक आजी गवऱ्या थापत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले.

“कुठनं आलात?”

“राजगडावरनं, आजी.”

“आन् तोरण्याला चाललात. बसा वाईच. ताक हाय.”

पितळेच्या तांब्यातून ताक आलं. मीठ आणि थोडी मिरची ठेचून घातलेली. मी दोन पेले प्यायले, मास्तरनं चार. डॉक्टरचा बूट बघून आजींनी घरातून एक जुनी चामड्याची वादी आणून दिली. सुतळी तुटली तर, म्हणून. मग काकांनी अदबीनं विचारलं, “आजी, पाणी कुठं भरता?”

त्यांनी खालच्या बाजूला हात केला. झाडीत एक झरा आहे. जायला वीस मिनिटं, डोक्यावर हंडा घेऊन वर यायला त्याहून जास्त. होळीपर्यंत पुरतो, पुढे आणखी खाली जावं लागतं. दारात दोन हंडे भरून ठेवलेले होते. त्या म्हणाल्या, घ्या की बाटल्या भरून.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्याकडे माणशी दोन लिटर उरलं होतं आणि पुढे गडावरच्या टाक्यांपर्यंत पाणी नव्हतं. काकांनी नको म्हणून सांगितलं. आजींनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतः तांब्यानं प्रत्येकाची एक-एक बाटली भरली, एक थेंब खाली न सांडता. ताकाचे पैसे घेतले, पाण्याचे देऊ केले तेव्हा मान हलवली. “पान्याचं काय घ्यायचं.”

या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: निघताना राजगडावरूनच पुरेसं पाणी घ्या. धारेवरच्या घरात मागितलं तर कोणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागू नका. तो हंडा एका बाईच्या मानेनं वर आणलेला असतो.

त्यानंतर आम्ही चुकलो. मास्तर पुढे होता. चांगली मळलेली वाट डावीकडे जात होती आणि उन्हात तिच्यावर सावली होती. ती ढोरवाट निघाली. कारवीत शिरली, दाट झाली, मग तिला चार फाटे फुटले. अर्ध्या तासानं काका थांबले. “बुधला कुठं आहे?” तोरण्याच्या बुधला माचीवर उलट्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा एक सुळका आहे. सकाळपासून तो आमच्या बरोबर नाकासमोर होता. आता उजव्या खांद्यावर गेला होता. म्हणजे आम्ही धार सोडून भुतोंड्याच्या अंगाला उतरत होतो. मास्तरचा चेहरा पडला. काका त्याला काही बोलले नाहीत, फक्त स्वतः पुढे झाले. कारवीतून सरळ वर चढून धार गाठायला चाळीस मिनिटं गेली, हातांवर ओरखडे आले. माथ्यावर आल्यावर मागं वळलो. राजगड जागच्या जागी होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बसले आणि सगळ्यांना गुळपोळ्या वाटल्या.

बारा ते तीन हा पट्टा अवघड. सावली नाही, चढ आणि पुन्हा घसारा. बोलणं थांबलं. पन्नास पावलं, श्वास, पन्नास पावलं. काका मोजत होते, तोंडातल्या तोंडात. शेवटच्या चढावर गवत सोनेरी आणि निसरडं होतं. डॉक्टर त्यावर दोन्ही हात टेकून चढली. तिची सुतळी तुटली तेव्हा आजींची वादी कामाला आली आणि ती पुढे रायगडापर्यंत टिकली. मग कातळाचा टप्पा, शिडी. शिडी तापलेली होती. एकेकानं चढायचं, सॅक घट्ट आवळून, खाली न बघता.

सव्वातीनला बुधला माचीवर पाय लागले.

आम्ही चौघं एका रांगेत बसलो, तोंडं राजगडाकडे करून. बालेकिल्ला मधे, दोन्ही बाजूंना पसरलेल्या माच्या. गडावर उभं राहून त्याचा आकार कधीच कळत नाही, तो इथून कळतो. आणि मधली आख्खी धार. प्रत्येक टेकाड ओळखता येत होतं. ते बूट सुटल्याचं. ती खिंड, रस्त्याची राखाडी रेघ. ते घर, एक ठिपका. ती कारवी, जिथं चुकलो.

इतिहासाच्या पुस्तकात राजगड एका पानावर असतो आणि तोरणा दुसऱ्या. तोरणा स्वराज्याच्या अगदी सुरुवातीचा किल्ला, राजगड पहिली राजधानी. असं पाठ करताना ते दोन वेगळे धडे वाटतात. नऊ तास चालून आल्यावर ते तसे वाटेनात. एक पडला तर दुसऱ्याला ते उघड्या डोळ्यांनी दिसणार. १७०४ मध्ये तसंच झालं. औरंगजेबानं आधी राजगड घेतला, मग तोरण्याला वेढा घातला. तोरण्यावरच्या माणसांनी याच माचीवरून राजगडाकडे बघितलं असेल. काका म्हणाले, “१६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. त्या बारांत राजगड, तोरणा, लिंगाणा आणि रायगड हे चारही होते. उद्या-परवा तुम्ही चालाल तीच ही ओळ.” मी नकाशात हे कधी पाहिलं नव्हतं. पायांना ते आता माहीत झालं होतं.

कोकण दरवाजातून मुख्य गडावर, आणि पाचच्या सुमारास मेंगाईच्या देवळात. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून घेतलं. खिचडी शिजेपर्यंत डॉक्टर भिंतीला टेकून झोपली होती, बूट न काढता. तो काढला तर पुन्हा बांधावा लागेल म्हणून. मास्तरनं तिला उठवून ताट हातात दिलं. बाहेर पंचमीची कोर कोकणावर उतरत होती.

रविवार, २४ डिसेंबर

पुन्हा सहाला निघालो. बुधला माचीवरून हारपूडच्या दिशेला उतरून घाटमाथ्यानं मोहरीपर्यंत. अंतर कालच्यापेक्षा जास्त, पण वाट सोपी, गावागावांतून जाणारी. कापून झालेली भाताची खाचरं, नाचणीची बुडखं, दारात वाळत घातलेल्या पावट्याच्या शेंगा. आज काकांचा डावा गुडघा दुखत होता. त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरनं चालीवरून ओळखलं आणि न विचारता पट्टा बांधला. त्यांच्या सॅकमधलं सामान आम्ही तिघांनी वाटून घेतलं. त्यांनी विरोध केला तेव्हा मास्तर म्हणाला, “काका, काल मी चुकलो तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. आज तुम्ही काही बोलायचं नाही.”

चारला मोहरी. ज्या घरी उतरलो तिथे सॅक टाकल्या आणि तसेच रायलिंग पठाराच्या टोकाला गेलो. मी वर्णन करायला धजत नाही, एवढंच सांगते: पठार संपतं, समोर हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ लिंगाण्याचा सुळका उभा असतो, आणि त्याच्या मागे, खूप खाली पसरलेल्या कोकणाच्या पलीकडे रायगड. या लिंगाण्यावर पूर्वी कैदी ठेवत. सूर्य रायगडाच्या बाजूला बुडाला. टॉर्चच्या उजेडात परतलो. तांदळाची भाकरी, पावट्याची उसळ, वर कच्चा कांदा. काकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, म्हणजे गुडघा बरा होता.

सोमवार, २५ डिसेंबर

सिंगापूरच्या नाळेनं कोकणात उतरलो. नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली घळ. दोन तास नुसतं एका दगडावरून दुसऱ्यावर. खाली दापोली गाव, रत्नागिरीतलं दापोली नव्हे. हवा एकदम बदलली, दमट आणि उबदार. काळ नदीत पाय सोडून अर्धा तास बसलो. वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. काठावर उभं राहिलं की ते निर्धास्त जवळ येतात. पुढचा रस्ता लांब आणि उन्हाचा होता. रायगडावर पोचलो तेव्हा रात्र झाली होती.

मंगळवार, २६ डिसेंबर

सकाळी लवकर जगदीश्वराचं दर्शन घेतलं. महाराजांच्या समाधीपाशी थोडा वेळ बसलो. मग काका काही न बोलता पूर्वेच्या कड्याकडे चालू लागले आणि आम्ही त्यांच्या मागे.

हवा स्वच्छ होती. अगदी जवळ लिंगाणा. त्याच्या मागे घाटमाथ्याची सरळ रेघ. तिच्याही मागे, डावीकडे तोरणा. बुधला अंगठ्याएवढा, पण ओळखू येईल असा. आणि उजवीकडे, निळ्या धुक्यात जवळजवळ विरघळलेला, राजगडाचा बालेकिल्ला. आज काकांना “वळा, बघा” म्हणायची गरज पडली नाही.

डॉक्टरनं वादी बांधलेला पाय पुढे करून खाली बैठक मारली. खूप वेळ बघत राहिली.

“काका, आजींचं घर कुठं असेल?”

काकांनी काठीचं टोक वर केलं आणि दोन्ही गडांच्या मधल्या खोलगट जागेवर धरलं. “त्या खाचेत.”

मास्तरनं घड्याळ बघितलं. सव्वाआठ. “आत्ता पाण्याला निघाल्या असतील,” तो म्हणाला.